पत्र्याचा जोड

भुताखेताचा विषय निघाला की सगळ्यात आधी खिल्ली उडवणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... तरी लिहितो.

मी लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांमध्ये इन्सुलेशनचं काम करतो. गरम पाइपला रॉकवूल गुंडाळायचं, वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून स्क्रू मारायचे. हे मला नाटे गावच्या माझ्या सख्ख्या मामाने शिकवलं. पत्र्याचा जोड कायम खालच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर पाणी आत शिरून पाइप सडतो. शिकाऊ असताना मी हमखास विसरायचो. "मेल्या, पाऊस वरसून येता!" मामा ओरडायचा. दोन स्क्रूंमधलं अंतर तो चार बोटांनी मोजायचा — मी टेपने, सहा इंच. काम झालं की बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक करायचा. तीच त्याची सही.

गेल्या वर्षी मामाच्या फुप्फुसांनी दगा दिला. आयुष्यभर तोंडाला मास्क लावला नाही. रत्नागिरीत ॲडमिट होता. त्या दिवशी सकाळी त्याने स्वतः फोन केला. "एकदा येवन जा रे." आमचं शटडाऊनचं काम चालू होतं, प्लांट बंद आहे तोवर उरकायचं होतं. म्हटलं, "आलोच मामा... रविवारी."

मन ठिकाणावर नव्हतं. जेवणाआधी शेवटचा पत्रा चढवला आणि खाली उतरल्यावर दिसलं — जोड वर राहिला होता. म्हटलं, जेवून फिरवू. शिडीच्या पायथ्याशीच डबा उघडला. परांचीवर कुणी नव्हतं, वर जायला शिडी ती एकच.

अर्धी भाकरी झाली असेल. वरून आवाज आला. टक टक. वाटलं, पलीकडच्या परांचीवरून कुणीतरी माझी चूक दाखवतंय. मान वर न करताच ओरडलो, "आलोच रे!"

जेवून वर गेलो, तर जोड खाली होता. स्क्रू चार-चार बोटांवर. माझी सहा इंचांवरची भोकं पत्र्यात कुठेच नव्हती. मी बोटं लावून पाहत असतानाच मामीचा फोन आला.

"गेले रे..."

"कधी?"

"आताच... अर्धो तास झालो."

सोबतच्या सगळ्यांना विचारलं. कुणीच हात लावला नव्हता. आणि नवी भोकं पाडायची तर ड्रिलचा आवाज येतोच. मला फक्त ती टकटक ऐकू आली होती.

मला खुपतं ते वेगळंच. मी गेलो नाही म्हणून मामाच आला असेल, तर... त्यालाही मी "आलोच" म्हणालो, आणि भाकरी खात बसलो.