भरतदादांचा एफ कॉर्ड

भरतदादा गेले.
आणि काल त्यांच्या घरी, त्यांच्या मुलीशी मी खोटं बोलले.

पल्लवी ही पोस्ट वाचेल. म्हणून आधी तिच्यासाठी लिहितेय, मग बाकीच्यांसाठी.

दादा शेणवे गावचे. वायरमन. महिन्यातून एका रविवारी मुरबाडला आमचं गिटारचं वर्कशॉप भरायचं. मी शहापूरहून जायचे. ते बाईकवर यायचे, पाठीला गिटार आणि हँडलला पक्कड-टेस्टरची पिशवी.

आम्ही बाराजण. सगळे चाळिशी-पन्नाशीचे, बोटं उशिरा वळायला लागलेले.

तरुणपणी भातगिरणीच्या पट्ट्यात दादांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं होतं. एफ कॉर्डला नेमकं तेच बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. त्यांचं पोचायचंच नाही. तारा नुसत्या खरखरायच्या.

"हा एफ म्हणजे आमच्या पाड्याची लाईन," ते म्हणायचे. "कधी येल, कधी जाल, भरवसा नाय."

वर्षाच्या शेवटी छोटा कार्यक्रम होता. चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाने एका चालीची स्वतःची अरेंजमेंट करायची. आमच्या गटाची मी केली.

शिकवणाऱ्या सरांचा नियम एकच होता. कोणी काय वाजवायचं ते ठरवण्याआधी अरेंज करणाऱ्याने प्रत्येकाला एकट्याला बसवून ऐकायचं.

मी बाकी दोघांना ऐकलं. दादांना नाही.
त्यांना ओशाळल्यासारखं होईल, असं वाटलं.

त्यांना मी म्यूट दिला. म्हणजे डावा हात तारांवर नुसता टेकवायचा आणि उजव्याने ताल धरायचा. सूर निघत नाही. फक्त चक-चक.

"ताई, माझा ऐकायचा राह्यलाय."
"अहो दादा, माहितीय मला तुमचं. म्यूट तुमच्याइतका कोणाला जमत नाही."
"एफ तरी ऐका. एकदाच."
"आता वेळ कमी आहे. कार्यक्रम झाल्यावर निवांत ऐकू."
"बरं. तुमी सांगाल तसं."

वेळ कमी नव्हता. त्यानंतर आम्ही अर्धा तास चहा पीत बसलो होतो.
त्या दिवशीची डायरी आज काढली. त्यात मी लिहिलंय, 'दादांना सांभाळून घेतलं.'

कार्यक्रमाला वहिनी आणि पल्लवी पुढच्याच रांगेत होत्या. संपल्यावर पल्लवीने विचारलं, "पप्पा, तुमचा आवाज कुठला होता?"

"तो चक-चक नव्हता का? तो आमचा."
"तो? मला वाटलं मागं कोणीतरी पापड खातंय."

सगळे हसले. दादाही हसले. मीही.

'कार्यक्रम झाल्यावर' कधी आलंच नाही. माझे रविवार पेपर तपासण्यात आणि आईच्या आजारपणात गेले. वर्कशॉप सुटलं. दादांचा दोनदा फोन आला, दोनदा मी 'पुढच्या महिन्यात' म्हटलं.

गेल्या आठवड्यात ते खांबावरून उतरले, सावलीला बसले, ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक.

काल पुण्यानुमोदन होतं, बुद्धवंदना आणि आदरांजली. जेवणं झाल्यावर पल्लवीने भिंतीवरची गिटार काढली.

"पेर नव्हता ना, म्हणून जाडी तार पप्पा वरून अंगठ्यानं दाबायचे. अशी. तीन महिने घरात हेच चाललेलं. आई वैतागलेली. कार्यक्रमाच्या आधी आला एफ त्यांना. मग मलापन शिकवला."

तिने वाजवून दाखवला. सहाच्या सहा तारा स्वच्छ.

"तुमी ऐकलेलाच असंल ना, ताई? पप्पा बोललेले, ताईंना पहिला ऐकवनार."

मी म्हणाले, "हो. ऐकला ना."

पल्लवी, मी नाही ऐकला. ते ऐकवायला आले होते, आणि मी त्यांना तारांवर हात ठेवून गप्प बसवलं.

कारण खरंच ते बोट होतं का, हे कालपासून स्वतःला विचारतेय. त्यांच्या जागी आमच्या कॉलेजमधले एखादे प्राध्यापक असते, तर त्यांना न ऐकता मी ठरवलं असतं?
उत्तर मला माहीत आहे. लिहायला जड जातंय, एवढंच.

तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले, असंही आता म्हणणार नाही. ती सवय आहे माझी. समोरच्याला सांभाळते म्हणायचं आणि स्वतःला सांभाळायचं.

दादा, तुमचं ऐकायचं राहूनच गेलं.

शेवटचा जय भीम.