बांधाच्या अलीकडची हौसाबाई

समुद्राचं पाणी आपल्या शेतात शिरू नये, एवढंच हौसाबाईला हवं होतं. त्यात वाईट काय होतं? नवरा मागे टाकून गेलेला, जमीन म्हणावी तर तळ्याकाठची एक चिंचोळी पट्टी. तळं गुडघाभर पाण्याचं. भरतीला समुद्र अरुंद तोंडातून आत यायचा, ओहोटीला निघून जायचा. काठाला तिवरांची दाटी, त्यांच्या मुळांत कोळंबीची पिल्लं, चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले. पण उधाण आलं की तेच खारं पाणी हौसाबाईच्या वाफ्यात घुसायचं आणि उभं भात करपायचं.

शेजारच्या मथुरेला तर तेवढीही जमीन नव्हती. ती चिखलातल्या तिसऱ्या काढून जगायची. पावसाळ्यात चिखलाला हात लावायचा नाही, नखाएवढी तिसरी निघाली तर परत पुरायची, हा बायकांचा दंडक. कुणी मोडला तर मथुरा अंगावर धावून जायची. तिच्या तिसऱ्या हौसाबाईच्या चुलीवर आणि हौसाबाईचे तांदूळ तिच्या पदरात, असे दोघींचे दिवस चालले होते.

सत्तावन्न साली तळ्याच्या तोंडाला बांध घालण्यासाठी सभा भरली. सरकारी साहेब नकाशा घेऊन आले. जमीनवाल्यांनी हात वर केले, हौसाबाईनेही केला. मथुरा तिच्या शेजारीच बसली होती. तिला कुणी विचारलंच नाही, आणि विचारा असं हौसाबाईही म्हणाली नाही.

बांध झाला, तोंडाला फळ्यांचं दार बसलं. हौसाबाईचं भात असं पोसलं की बघत राहावं! आणि तळं मेलं. भरती बंद झाली, पाणी हिरवं पडलं, तिसऱ्या चिखलात तोंड उघडून कुजल्या. त्या वासाने गावाला जेवण जाईना. बगळे दिसेनासे झाले. तिवरं वाळली, ती लोकांनी सरपणाला नेली.

हौसाबाई सुपात नवे तांदूळ घेऊन गेली, तर मथुरेने सूप मागे सारलं. "नको गो. बदल्यात देवक माझ्याकडे काय आसा?"

"मी काय मागलंय काय?"

"तू मागणस नाय, पण माका घेवक लाज वाटता."

थोड्याच दिवसांत मथुरा रेडीच्या खाणीवर गेली, बोटीत भरायच्या लोखंडाच्या मातीच्या टोपल्या वाहायला.

हौसाबाईला घास गोड लागेना. पुढच्या वर्षी, पुरुषमंडळी कसालच्या बाजाराला गेलेली पाहून, भर दुपारी भरतीच्या वेळी तिने दाराच्या फळ्या उपटल्या. पाणी आधी तिच्याच शेतात शिरलं, पोटरीला आलेल्या भातात. ती बांधावर बसून मोठ्याने रडली, पण फळ्या परत लावल्या नाहीत. संध्याकाळी गावाने तिला नाही नाही ते ऐकवलं आणि दार खिळे ठोकून बंद केलं.

तरी वेडी आशा सुटते थोडीच! ती रेडीला गेली. "मथुरे, मी पाणी आत घेतलंय. चल घराक."

मथुरेच्या केसांत, भुवयांत तांबडी धूळ बसली होती. "दार अजून उघडा आसा?"

"नाय. बंद केल्यानी."

"आणि तुझा भात?"

"खाऱ्या पाण्यान करपला."

"माझा गेला ता गेला," मथुरा म्हणाली, "तुझा कित्याक घालवलंस गो?"

मुकादमाने हाक मारली, तशी मथुरा रांगेत गेली. हौसाबाईला घरी परतून शिजवायला काही नव्हतं. मग तिने पदर खोचला आणि मुकादमाकडे टोपली मागितली.