डबल बेल

उजवा हात वर जायचा, डोक्यावर नसलेली दोरी दोनदा ओढायचा आणि तोंडातून आवाज यायचा, "टण टण!" मग कुठे त्यांचा पाय उचलायचा.

हॉस्पिटलातल्या आमच्या विभागाच्या दारात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. अंग पुढे झुकलेलं, चेहऱ्यावर घाई, आणि पाय मात्र फरशीला चिकटलेले. कंपवात म्हटलं की थरथरणारे हात डोळ्यांसमोर येतात. तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल. काकांचे हात फारसे थरथरत नव्हते. त्यांचे पाय अडायचे. दारात, वळणावर, गर्दीत.

"काका, हात देऊ का?" मी विचारलं.

"नको. एसटीत कंडक्टर होतो, माय. सिंगल बेलला गाडी थांबती, डबल बेलला सुटती." टण टण झालं आणि ते आत आले.

मागोमाग काकू, त्यांच्या पत्नी. "घरात बी हेच. आंघोळीला निघायचं तरी डबल बेल. शेजारच्या पोरांना वाटतं, आमच्याकडं डेपोच हाय."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि करमाडहून रोज बसने येत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हॉस्पिटलच्या एका संशोधनात मला मदतनीस म्हणून काम मिळालं होतं. माहितीपत्रक वाचून दाखवायचं, रुग्ण किती वेळात चालतो ते स्टॉपवॉचवर पाहायचं आणि लिहून ठेवायचं. काम सोपं होतं, पण डॉक्टरांसमोर माझा आवाजच फुटत नसे. काकांसमोर वाचायला बसले तेव्हाही मी पुटपुटतच होते.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "मागच्या सीटपर्यंत गेलं पाहिजे."

मी मोठ्याने वाचलं. पाय अडणाऱ्या रुग्णांना ठेक्यावर चालायला शिकवलं तर फरक पडतो का, हे पाहायचं होतं. काहींना ठेका ऐकवणारं छोटं यंत्र आणि व्यायाम, बाकीच्यांना नुसता व्यायाम. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातून ठरणार. कधीही सोडून जायची मुभा होती, आणि सोडलं तरी उपचार चालूच राहणार होते.

काका खूश झाले. "म्हणजे माझ्या बेलचाच अभ्यास म्हणा की!" प्रत्येक पानावर त्यांनी सावकाश सही केली.

पाकिटातून निघालं, नुसता व्यायाम.

संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. घरी पडायची भीती वाटली तर बेल खुशाल वापरा, फक्त वहीत लिहा. इथे चाचणीच्या वेळी मात्र कुणाचा ठेका नको, तुमचा स्वतःचाही नको. मला वाटलं, आता हे उठून जाणार. काकांनी पाकीट टेबलावर परत ठेवलं.

"चालंल," ते म्हणाले. "माझं व्हायचं ते व्हईल. पण मागून येणाऱ्याला कळू द्या, बेलनं गाडी खरंच सुटती, का ही आपली माझीच समजूत हाय."

आपल्याकडे डॉक्टरांनी विचारलं की "बरं आहे" म्हणायची रीत आहे. एवढ्या मोठ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? त्यामुळे बऱ्याच जणांच्या वह्यांत पानोपान "बरं आहे" एवढंच असायचं. काकांच्या वहीत असायचं, "मोरीत पडलो. घाई केली, चूक माझी." किंवा, "आज बेल सात वेळा. पाहुणे आले होते म्हणून मनातल्या मनात."

"इतकं खरं कशाला लिहिता?" मी एकदा हसून विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं. "त्यांना काय विचारती? माझ्या सख्ख्या भावाला तिकीट नव्हतं म्हणून चिकलठाण्याला खाली उतरवलं ह्यांनी. अजून तो धड बोलत नाय."

"पुढच्या स्टॉपपर्यंत नेलं होतं की," काका शांतपणे म्हणाले.

तीन महिन्यांनी शेवटची चाचणी आली. खुर्चीतून उठायचं, पिवळ्या पट्टीपर्यंत जायचं, वळून परत यायचं. मॅडम पलीकडच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाजवळ होत्या. काकू आधाराला म्हणून जवळ उभ्या होत्या. काका पट्टीपर्यंत गेले, वळायला लागले आणि अडले.

स्टॉपवॉच पळत होतं. काकांचा उजवा हात वर जायला निघाला. त्यांनी तो डाव्या हाताने धरून खाली ठेवला. कपाळावर घाम आला. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला ते बघवेना. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "टण टण."

काका वळले, आले, खुर्चीत बसले. आकडा छान होता. मी पेन उचललं.

"लिहू नको," ते म्हणाले. "विनातिकीट हाय तो."

"काका, मॅडमना सांगितलं तर मला काढतील."

काढणार नाहीत, असं ते म्हणाले नाहीत. "काढतीलबी," ते म्हणाले. "पण हा आकडा पुढं गेला तर उद्या म्हणतील, नुसत्या व्यायामानं म्हातारा सुटला. मग ज्याला बेल लागती, त्याला ती कोण देईल?"

हे काम गेलं तर घरी काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. तरी मी पलीकडच्या खोलीत गेले. काय बोलले ते शब्द आता आठवत नाहीत, पण मोठ्याने बोलले. कारण परत आले तेव्हा काका म्हणाले, "ऐकू आलं. मागच्या सीटपर्यंत."

त्याआधी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "घडलं ते जसंच्या तसं लिही आणि खाली सही कर. ही चाचणी धरता येईल की नाही, ते संशोधनावर देखरेख करणारी समिती ठरवेल." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाल्या, "आणि उद्या वेळेवर ये."

काका आता इथे नाहीत. लेकीकडे नांदेडला राहायला गेलेत. संशोधनाचा निकाल अजून यायचा आहे. नवा रुग्ण आला की माहितीपत्रक मीच वाचते आणि कुणाला "जरा मोठ्यानं" म्हणावं लागत नाही. दारात कुणाचे पाय अडले की मला मात्र काकांच्या शेवटच्या चाचणीच्या दिवशीची संध्याकाळ दिसते.

"चल, गाडीत बसवून देतो तुला," म्हणत काका आणि काकू मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत माझ्याबरोबर आले होते. जालन्याच्या गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. काका खाली उभे राहून आमच्या तरुण कंडक्टरला सांगत होते, "करमाडला नीट उतरव रे तिला." मग ते परत फिरले आणि फलाटावरच्या गर्दीत, दोन पावलांवर अडले. एक हात काकूंच्या हातात, दुसऱ्या हातात पिशवी. दोरी ओढायला हात मोकळा नव्हता.

इथे चाचणी नव्हती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आमच्या कंडक्टरने दोरी ओढली.

टण टण.

गाडी हलली. खाली काकांचा पाय उचलला.