ऱ्हस्व की दीर्घ

एक फिरती खुर्ची, दोन बाकं, भिंतभर आरसा आणि एक वर्तमानपत्र, एवढाच त्या केशकर्तनालयाचा सरंजाम. पण सकाळी नऊच्या सुमारास तिथे पाय ठेवायला जागा नसायची. निम्मी गिऱ्हाइकं दाढीसाठी यायची, निम्मी शब्दकोड्यासाठी.

दुकानाच्या मालकाला सगळे 'कारागीर' म्हणत. वय अठ्ठावन्न, हात लोण्यासारखा हलका आणि कान तिखट. बाकावर बसलेला बँकेतला कारकून पेन सरसावून मोठ्यानं विचारायचा, "लाजेनं मान खाली घातलेला. चार अक्षरी. दुसरं अक्षर धो."

कारागीर कुणाच्या तरी गालावर वस्तरा फिरवत, मान न वळवता म्हणायचा, "अधोमुख."

"वा! कुठून आणता हो हे शब्द?"

"वकीलसाहेबांची दाढी वीस वर्षं केली मी. फुकट नाही केली."

खरंच होतं ते. वकील, मास्तर, पोस्टमन, नाटकवाले, सगळ्यांची बोलणी त्यानं पन्नास वर्षं साठवली होती. शब्दकोडं अडलं की लोक रस्ता ओलांडून त्याला विचारायला यायचे आणि त्याची छाती वीतभर फुगायची.

मात्र एक गोष्ट त्याच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. कारागिराला वाचता येत नव्हतं. आठव्या वर्षी वडिलांनी दुकानात उभा केला तो केलाच. सही तेवढी यायची, तीही चित्र काढल्यासारखी. वर्तमानपत्र हातात घ्यायची वेळ आलीच, तर तो आधी फोटो बघून सुलटं-उलटं ठरवायचा.

रोजच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारे होते. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. दुकानात त्यांचं नाव 'प्रूफकाका'. कारकुनाची बदली झाली आणि कोडं वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. वाचायचे खणखणीत, पण हात थरथरायचा. अक्षर चौकोनाबाहेर सांडायचं.

एक दिवस ते म्हणाले, "कारागीर, मी वाचतो, तुम्ही लिहा."

"हाताला साबण आहे, काका."

दुसऱ्या दिवशी हात ओले होते. तिसऱ्या दिवशी दुपारचं दुकान रिकामं होतं, हात कोरडे होते आणि काका पेन पुढे करून बसले होते. कारागिरानं पेन घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"मला येत नाही लिहायला. वाचायलाही नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कीव केली असती, तर कारागिरानं त्यांना दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण काका भलतंच बोलले.

"मग तर फारच सोपं झालं. उत्तरं तुम्हाला सगळी येतात. एका चौकोनात एकच अक्षर असतं. उत्तर तोंडात आहे, चौकोन समोर आहे. अजून काय पाहिजे?"

दुसऱ्या दिवसापासून काका शटर उघडण्याआधी अर्धा तास यायला लागले. काका सूत्र वाचायचे, कारागीर उत्तर द्यायचा, काका ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत काढायचे, वेडंवाकडं का होईना, आणि कारागीर ते बघून चौकोनांत उतरवायचा. 'बंधारा' म्हटलं की बं, धा, रा. तीन आवाज, तीन घरं. एकदा सूत्र आलं, 'दाढी करण्याचे हत्यार'. व, स्त, रा. ज्यानं जन्मभर पोट भरलं, तो वस्तरा लिहिल्यावर असा दिसतो होय! कारागीर कितीतरी वेळ बघत राहिला.

"पण काका, मधे स आहे आणि त आहे. दोघं एकाच घरात कसे?"

"जोडाक्षर आहे ते. लग्न झालंय त्यांचं."

शिकलेला प्रत्येक शब्द तो एका वहीत लिहायचा. वही टॉवेलांच्या चळतीखाली. काका ऱ्हस्व-दीर्घाला भलते कडक. एक वेलांटी चुकली, तरी अख्खा शब्द पुन्हा काढायला लावायचे. सात-आठ महिन्यांत कारागीर एक-एक अक्षर लावत बातमीही वाचू लागला. घरी बायको शिवणयंत्रावर बसलेली असायची. तो तिला मथळे वाचून दाखवायचा आणि ती "हळू, हळू, गाडी सुटत नाहीये," म्हणून हसायची.

मग तो मंगळवार आला. कोड्यात आडवा शब्द होता 'पुनरुक्ती' आणि त्यातल्या तिसऱ्याच अक्षरावरून उभा शब्द सुरू व्हायचा, 'रूपवती'. आता भर दुकानात कोडं भरणाऱ्या कारागिराचं पेन तिथेच अडलं. आडव्याला रु हवा, उभ्याला रू. घर एकच.

"चालतं हो, कोड्यात चालतं," बाकावरचा टॅक्सीवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, 'पुनरूक्ती'. कारागिरानं टॉवेल बाजूला सारले, वही काढली, शब्द शोधला आणि काकांपुढे धरला.

"तुम्हीच सांगितलं होतं, यातला रु ऱ्हस्व. मग चुकलं कोण? मी की पेपर?"

काकांनी वही पाहिली, पेपर पाहिला. मग पस्तीस वर्षांत छापखान्यात कुणी ऐकला नसेल, असा त्यांचा आवाज चढला. "पेपर! पेपर चुकलाय! लिहा त्यांना पत्र. वाक्यं तुमची, स्वल्पविराम माझे."

चार ओळींचं पत्र. दुपारचं जेवण बाजूला ठेवून कारागिरानं ते तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा काकांना सुधारायला काही उरलं नाही.

पुढच्या आठवड्यात कोड्याखाली बारीक टाइपात छापून आलं. टॅक्सीवाल्याला अर्ध्या दाढीवर तसाच सोडून कारागिरानं ते भर दुकानात वाचलं, बोट न फिरवता.

"मंगळवारच्या कोड्यात 'पुनरुक्ती' हा शब्द अशुद्ध छापला गेला. ही चूक दाखवून देणाऱ्या केशकर्तनकार वाचकाचे आभार."

टाळ्या पडल्या. तेव्हा तो ताठ उभा राहून म्हणाला, "आता ऐका. गेल्या वर्षापर्यंत मला एक अक्षर वाचता येत नव्हतं."

टॅक्सीवाल्यानं तोंडावरचा फेस हातानं पुसला.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही सूत्रं वाचत होतो आणि तुम्ही..."

"तुम्ही वाचत होता म्हणून तर जमलं. आणि बाकीचं यांनी केलं." त्यानं काकांकडे हात केला.

काका पेपर डोळ्यांजवळ धरून ती ओळ तपासत होते. "निर्दोष छापलंय," ते म्हणाले, पण त्यांचा चष्मा ओला झाला होता.

दुपारी कारागीर पेपर घेऊन घरी गेला. बायकोनं यंत्र थांबवलं आणि मांडीवरचं कापड बाजूला ठेवून ऐकलं. मग तिनं विचारलं, "वाचक म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग परत वाचा. आणि शेजारचं दार उघडं आहे, जरा मोठ्यानं वाचा."