अवसेच्या दुपारची हिरवी रेघ

एका बाईच्या मांडीला चमचाभर एरंडेल लावायचं मी टाळलं... एवढीच माझी चूक. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. नातवंडांना घाबरवण्यापुरता ठेवलाय, तेवढाच!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही माधवनगरला राहायचो आणि मी सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मदतनीस होते. बी.एस्सी. झालेली सून! नाक इतकं वर, की पायाखालची पायरी दिसायची नाही. डॉक्टरांनी मेंदू तपासायला ध्वनिलहरींचं एक मशीन आणलं होतं. त्याचा प्रोब, म्हणजे वायर जोडलेली एक जाडसर कांडी, अंगाला टेकवली की छोट्या पडद्यावर हिरवी रेघ उठायची. डॉक्टर हौशी, ते त्यानं मांडीचे स्नायूही बघायचे. कातडीपाशी एक उंच सुळका, हाडापाशी दुसरा. मधली जागा स्वच्छ, तर स्नायू चांगला. मध्ये गवत उगवल्यासारखं दिसलं, तर आजार.

माझी नणंद वच्छला माण तालुक्यात दिलेली. उकिडवं बसलं की तिला उठता येईना, वेणी घालायला हात वर जाईना, पापण्या जांभळ्या पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उठलंय. गोळ्या सुरू केल्या. सासरचे मात्र म्हणत, ढोंग आहे. दुसरी बायको आणायची बोलणी चालली होती तिकडे.

माझ्या सासूबाई लेकीला पुन्हा तपासायला घेऊन आल्या, त्या दिवशी डॉक्टर बाहेर गेले होते. मी म्हटलं, मीच बघते. तेलाची बाटली उघडली तर वन्सं म्हणाल्या, "आज आवस हाय वैनी. अंगाला त्याल नगं."

कातडी आणि प्रोबमध्ये हवा राहिली तर काहीच दिसत नाही, म्हणून तेल लावायचं – हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलेलं. पण मी कोरडाच टेकवला. रेघ सपाट. आणि ही दीडशहाणी काय म्हणाली? "गवत नाही. म्हणजे आजार नाही!"

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "मशिनीनंच सांगितलं. आता गोळ्या बास. उद्याच्या यष्टीनं नांदायला जायाचं."

"आये, पाय उचलत न्हाई गं..."

"पाय उचलतोय. मन उचलत न्हाई तुजं." मग त्यांनीच तिचा खांद्यावरचा पदर सारखा केला. "आगं, त्यांनी दुसरी आणली तर कुटं जाशील वच्छे?"

दोघी बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मी दार लोटून घेतलं आणि आवरायला लागले. भर दुपार, खिडकीतून लख्ख ऊन. प्रोब टेबलावर आडवा पडलेला, टोक हवेत, कशालाही टेकलेलं नाही.

आणि पडद्यावर रेघ उठली.

दोन सुळके. मध्ये गवत... दाट. ते हलत होतं. भिंतीपलीकडे वन्संना धाप लागलेली ऐकू येत होती. श्वास आत गेला की गवत चढायचं, सोडला की उतरायचं. मी हसले. "व्होल्टेज!" असं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. मग सुळके एकमेकांकडे सरकू लागले...

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "आगं, पाणी गिळ की! वच्छे! गिळ गं!"

मी धावायला हवं होतं. पण मी पडद्याकडे बघत उभी. मधली जागा बोटभर उरली, मग नखाएवढी. मला भान आलं तेव्हा मी प्रोबची वायर मशीनमधून ओढून काढली होती. रेघ सपाट झाली आणि बाहेर वन्संनी शिट्टी वाजल्यासारखा लांब श्वास घेतला. मी दार उघडलं तर तिच्या नाकातोंडातून पाणी, पदर चिंब.

डॉक्टरांनी आल्या आल्या तेल लावून बघितलं. मांडीत गवतच गवत! गिळायचे स्नायूही ढिले पडले होते. गोळ्या वाढवल्या, इस्पितळात ठेवलं, नाकातून नळी घातली. वन्सं वाचल्या. रेघेबद्दल डॉक्टर म्हणाले, मशीनमधला बिघाड असेल. असेल बाई. पण नंतर कितीदा तरी मी प्रोब तसाच टेबलावर ठेवून बघितला, एकदाही काही उठलं नाही. आणि बिघाडाला वन्संच्या श्वासाची लय कशी कळली, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

वायर काढल्याचं मी कुणालाच बोलले नव्हते. मधलं दारही बंद होतं. नळी काढली त्या दिवशी मी भेटायला गेले. वन्संनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं –

"वैनी, ती तार उपसायला येवढा येळ का लावलासा?"