सुंदराबाईंचा खाडा

लिंबायतमध्ये सुंदरा काशिनाथ बोरसे कुठे राहतात असं विचारलंत, तर चार माणसं चार दिशा दाखवतील. त्यापेक्षा 'बिनखाड्याची सिस्टर' म्हणा, रिक्षावाला दारात नेऊन सोडेल. हे नाव बाईंना कौतुकानं पडलं की चेष्टेनं, ते देव जाणे. पडलं मात्र चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली. तेव्हा अर्धं सुरत बोचकी बांधून पळत होतं. बाईंच्या नवऱ्याची, काशिनाथची, कापड विणायची लूम बंद पडली होती आणि सासूबाई धुरपदाबाई धुळ्याला जायला पेटी भरून दारात बसल्या होत्या. सुंदराबाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी ड्युटी करून येते." त्या आल्या त्या पंधरा दिवसांनी. इस्पितळाच्या ट्रस्टींनी त्यांना हार घातला, नारळ दिला, 'आपल्याला अशाच बेन हव्यात' म्हणून भाषण केलं. नोकरी तेवढी पक्की केली नाही. हार घालायला काय जातंय कोणाचं!

त्या हारानंच बाईंचं वाटोळं केलं, असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही. एकदा 'ही कधी घरी राहत नाही' असं नाव झालं की घरी राहायची सोयच उरत नाही. ताप आला तरी बाई हजर. कंबर धरली तर पट्टा बांधून हजर. सख्ख्या भावाच्या लग्नाला सुद्धा हळद लागेपर्यंत थांबल्या आणि रात्रीची एसटी धरून परत आल्या.

त्यांचा वॉर्ड भाजलेल्यांचा. चौदा खाटा, आणि खाट रिकामी असा दिवस नाही. कुणाच्या स्टव्हचा भडका झालेला, कुणावर रंगाच्या कारखान्यातलं उकळतं पाणी सांडलेलं. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. जुनी पट्टी कुठे भिजवायची, कुठे थांबायचं, कुठे 'झालंच बाई आता' असं खोटं बोलायचं, हे हाताला कळावं लागतं. अख्ख्या इस्पितळात ते दोघींच्याच हाताला कळत होतं, एक सुंदराबाई आणि दुसरी मंदा. आणि शहाण्णवच्या त्या उन्हाळ्यात मंदा बाळंतपणाला माहेरी, नंदुरबारला गेली होती.

इस्पितळात रजेचा कायदा एकच होता. ज्याला रजा हवी त्यानं आपली बदली स्वतः आणायची. लूमवर कारागीर जसा आपल्या जागी दुसऱ्याला उभा करून गावी जातो, तसंच. बदली न देता घरी राहिलं तर हजेरीपटावर खाडा पडायचा, आणि खाडा पडला की पक्क्या नोकरीच्या यादीतून नाव गेलं. सुंदराबाईंचं नाव यंदा त्या यादीत तिसरं होतं. काशिनाथची लूम महिना चालायची नि महिना बंद राहायची. घर उभं होतं ते बाईंच्या नोकरीवर, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

तर अशात सोमवारी सकाळी भाकरी थापताना बाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात कळ आली. नखाच्या कडेला लाल झालेलं. दुपारपर्यंत बोट टम्म सुजलं. नखुरडं! दुसरा कोणता रोग असता तर बाईंनी हसत अंगावर काढला असता. पण नखुरडं म्हणजे पू, आणि भाजलेल्या अंगाचा पुवासारखा वैरी नाही. हे त्यांनीच तर नव्या पोरींना शिकवलं होतं. "हाताला साधा फोड असला तरी आपल्या वॉर्डात पाऊल टाकायचं नाही," असं त्या बोट नाचवत सांगायच्या.

सासूबाईंनी लिंबाला भोक पाडून ते बोटात घालून दिलं. "रातभर ठेव, फुटीसन मोकळं व्हई जाई," म्हणाल्या. मंगळवारी सकाळी फुटलं तर नाहीच, उलट ठणका पार मनगटापर्यंत चढला. बाईंनी लिंबू काढून फेकलं, दोन गोळ्या घेतल्या आणि रिक्षात बसल्या.

मेट्रन मंजुळाबेन टेबलाशी हजेरीपट उघडून बसल्या होत्या. बाई किंचित घुटमळल्या.

"बेन, मला दोन दिवस रजा..."

"बदली कोण?" मंजुळाबेननं मान वर न करता विचारलं.

"मंदा तर गावाला आहे."

"मग?"

बोट दाखवावं असं मनात आलं होतं. पण बोट दाखवलं तर बेन घरी पाठवणार, घरी गेलं की खाडा पडणार. हात पदराखाली गेला तो गेलाच.

वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवर ज्योती होती. एकोणीस वर्षांची पोर. घरी बसून साड्यांचे धागे कापायची. चहा ठेवताना स्टव्ह भडकला आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. महिनाभर सुंदराबाईंनी तो हात रोज धुतला, रोज बांधला. जखम स्वच्छ, लालभडक झाली तेव्हा डॉक्टर खूष झाले आणि सोमवारीच मांडीची कातडी काढून त्यांनी हातावर लावली, तिच्यावर मलमाची जाळी बसवली आणि वरून पट्टी बांधली. आता पाच दिवसांत ती कातडी धरायला हवी होती. धरली तर हात हात राहणार. नाही धरली तर कोपर आखडून बसणार, आणि मग ती पोर आयुष्यभर स्वतःची वेणीसुद्धा घालू शकणार नव्हती.

ज्योतीची आई रुक्मिणी बाहेर व्हरांड्यात महिनाभर मुक्काम ठोकून होती. तीही लिंबायतचीच, मूळची साक्रीकडची. बाई दिसल्या की उठून उभी राहायची. "ताई उन्यात, आते मना जीवले घोर नाही," म्हणायची. तुम्हीच सांगा, असं कोणी म्हटल्यावर माणूस घरी कसा राहील?

बुधवारी ज्योतीची वरची पट्टी ओली झाली. डॉक्टर म्हणाले, "आतल्या जाळीला हात लावू नका, वरचं तेवढं बदला. सुंदराबेनच करतील." बाईंनी बोटाला चिकटपट्टी गुंडाळली, त्यावर हातमोजा चढवला. हातमोजे तिथं एकदा वापरून फेकायचे नसत. धुऊन, दोरीवर वाळवून, पावडर लावून पुन्हा घालायचे. कोणता विरलाय नि कोणता नाही, ते घातल्यावरच कळायचं.

"ताई, आज तुमचा हात नेहमीसारखा हलका नाही," ज्योती म्हणाली.

"उपास आहे गं आज," बाई म्हणाल्या.

पट्टी झाली. बाई मोरीपाशी गेल्या, मोजा काढला. मोज्याचं मधलं बोट टोकाशी फाटलं होतं. आतली चिकटपट्टी ओलीचिंब, पिवळी. नखुरडं फुटलं होतं. कधी फुटलं? आत्ता मोजा ओढताना, की तिथं, कोपराशी, जाळीची कड दाबून बसवताना? बाईंनी बोट पिळून पिळून धुतलं. ठणका एकदम उतरला होता आणि त्या सुटकेचीच त्यांना किळस आली. 'आतल्या जाळीला कुठं लागलं असेल? नाही लागलं,' असं त्यांनी स्वतःला दहा वेळा बजावलं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर कदाचित त्याच दिवशी काही करता आलं असतं. पण बाई बोलल्या नाहीत. गुरुवारी बोलल्या नाहीत, शुक्रवारीही नाही. घरी काशिनाथनं विचारलं, "जेवत का नाहीस?" तर त्याच्यावरच खेकसल्या.

शनिवारी डॉक्टरांनी पट्टी उघडली. बाई शेजारी ट्रे धरून उभ्या. मनगटापाशी कातडी छान गुलाबी धरली होती. डॉक्टर "वाह" म्हणाले आणि जाळी वर सोलत गेले. कोपराशी आले, आणि जाळीबरोबर कातडीही सुटून आली. खाली पिवळा लगदा. वास आला. ज्योती छताकडे बघत होती, तिला अजून काही कळलं नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला, मग तापला. तेवढ्यात त्यांना मनगटाच्या पट्टीच्या कडेला राखाडी काहीतरी दिसलं. "हे काय आहे?"

तो खानदेशातल्या कानबाई देवीचा अंगारा होता. रुक्मिणीनं गुरुवारी, भेटीच्या वेळात, पोरीच्या पट्टीला चिमूटभर लावला होता. झालं! डॉक्टर व्हरांड्यात गेले आणि चार माणसांत त्या बाईला नाही नाही ते बोलले. "महिन्याची मेहनत मातीत घातली तुम्ही. स्वतःच्या मुलीचा हात स्वतः घालवला." रुक्मिणी भिंतीला टेकून खालीच बसली. कपाळावर हात मारून घेत एकच म्हणत राहिली, "मना हातेच पोरना घात व्हयना व माय."

अंगारा लागला होता मनगटाशी, आणि मनगटाची कातडी धडधाकट होती. गेली होती ती कोपराची. डॉक्टरांना रागात ते दिसलं नाही. सुंदराबाईंना मात्र लख्ख दिसत होतं, आणि त्या ट्रे धरून गप्प उभ्या होत्या. आपण इतक्या भित्र्या आहोत हे त्यांना वयाच्या पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं.

दुपारी त्या मंजुळाबेनच्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि बोट टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. लिंबू, मोजा, फाटलेलं टोक, सगळं.

मंजुळाबेननं चष्मा काढून पुसला. "मंगळवारी तू ट्रे डाव्या हातानं उचललास, तेव्हाच मी बघितलं होतं."

"बघितलं होतं? मग घरी का नाही पाठवलंत?"

"आणि चौदा खाटा कोण सांभाळणार होतं? मी? माझी बोटं संधिवातानं वळत नाहीत." बेनचा आवाज चढला नव्हता, पण डोळे खाली गेले होते. "ऐक सुंदरा. तू ओरडून सांगितलंस म्हणून ती कातडी परत चिकटणार नाही. तुझं नाव यादीतून जाईल, माझी पण चौकशी लागेल. कोणाचं भलं होईल? बोट बांध आणि उद्या आठला ये. मोजे दोन घाल."

"उद्या परत याच हातानं?"

"मग बदली आण," मंजुळाबेन म्हणाल्या.

सुंदराबाई बाहेर आल्या. इकडे आड नि तिकडे विहीर, तसं त्यांचं झालं होतं. मंजुळाबेनचा रागही येईना, कारण त्या जागी बसल्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं. व्हरांड्यात रुक्मिणी तशीच बसून होती. तेव्हापासून पाणीही प्यायली नव्हती. सुंदराबाई तिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या.

"रुक्मिणीबाई, तुमच्या अंगाऱ्यानं काही झालेलं नाही. माझ्यामुळं झालंय."

रुक्मिणीनं सुजलेले डोळे वर केले. "ताई, मले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन कसाले मनं पाप अंगवर लेतस?"

"खोटं नाही बोलत. हे बघा." बाईंनी बोटाची पट्टी सोडली. नख काळं पडलेलं, कडेला पू. "सोमवारपासून हे असं आहे. बुधवारी याच बोटानं मी पट्टी केली. मोजा फाटला होता. यातली घाण तिच्या हाताला लागली. मी घरी राहायला हवं होतं, राहिले नाही. कळल्यावर सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

आता ही उठेल, ओरडेल, थोबाडीत मारेल, असं बाईंना वाटलं. मारलं असतं तर बरंच वाटलं असतं. रुक्मिणीनं ते बोट दोन्ही हातांत धरलं. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"इतलं दुखत व्हतं, तरीबी उन्यात तुम्ही? मनी पोरसाठे?" ती म्हणाली. "कोन करस व ताई इतलं परक्यासाठे!"

सगळं सांगून झालं होतं, ऐकणारीनं सगळं ऐकलं होतं, आणि तरी त्यांच्या गळ्यात पुन्हा हारच पडत होता.

"असं नका म्हणू," त्या म्हणाल्या. "अहो, मी आले म्हणूनच तर हात गेला."

"व्हई गयं ते व्हई गयं. दैव मन्हं. आते परत कातडी लावतीन, डाक्टर म्हने. सकाय येशात ना तुम्ही?"

बाईंनी बोट हलकेच सोडवून घेतलं. यादीतलं तिसरं नाव डोळ्यांपुढे आलं, काशिनाथची बंद लूम आली, मंजुळाबेनची वळत नसलेली बोटं आली. आतली चौदा माणसं आली.

"नाही," त्या म्हणाल्या. "उद्या नाही येणार. हे बरं होईपर्यंत नाही."

रुक्मिणीला आधी नीट समजलंच नाही. समजलं तशी ती एकदम मागे सरली, पदर आवळून घेतला. पोरीचा हात घालवलेला तिनं क्षणात माफ केला होता. हे मात्र तिला माफ करता येईना.

"मंग मनी पोरनं कोन करी?" ती ओरडली. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "आठेपावत आनीसन सोडी चालन्यात का? इतलंसं बोट दुखस म्हनीसन घर बसशात?"

सुंदराबाई उठल्या. मंजुळाबेनच्या खोलीत जाऊन त्यांनी रजेचा कागद लिहिला, बदलीची जागा मोकळी सोडली, आणि मागच्या जिन्यानं खाली उतरल्या. रुक्मिणीचा आवाज त्यांना फाटकापर्यंत ऐकू येत होता.