बाबुरावांनी घड्याळ बरोबर केलं

खडकीच्या कामगार क्वार्टरांत एकही घड्याळ खरं बोलत नसे. दारूगोळ्याच्या कारखान्याचं फाटक एकदा बंद झालं की अर्ध्या दिवसाचा पगार पाण्यात, म्हणून घरोघरी घड्याळ दहा मिनिटं पुढे. शेंबड्या पोरालाही ठाऊक, की काटा बघायचा आणि मनात दहा वजा करायचे. आता आधी पुढे करायचं आणि मग वजा करायचं, यात मिळवलं काय, हे विचारायला तिकडे जाऊ नका. रीत ती रीत.

बाबुरावांनीही सगळी नोकरी अशीच काढली. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी शॉर्टवेव्हचा रेडिओ घेतला आणि एका संध्याकाळी खरखरीतून त्यांना दिल्लीचा वेळेचा संकेत सापडला. गाणं नाही, बातम्या नाहीत. नुसती टिक्, टिक्, आणि मिनिट भरलं की जरा लांब ठोका. पत्त्यांचा नाद लागावा तसा त्यांना त्याचा नाद लागला. मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढून धरायची आणि लांब ठोका पडला की दाबायची, यात काय सुख वाटायचं त्यांना! भेटेल त्याला विचारत, "जयभीम! घड्याळ लावून देऊ का?" लोक रस्ता बदलू लागले.

भिंतीवरच्या घड्याळाला हात लावायची मात्र बायकोची, कांताबाईंची, सक्त मनाई होती. "तुमची टिकटिक तुमच्यापाशी. माझा संसार या घड्याळावर चाललाय."

अशात त्यांच्या लेकीला, दीपालीला, हिंजवडीच्या आयटी कंपनीत नोकरी लागली. अख्ख्या घराण्यात पहिलीच इंजिनिअर! कंपनीची बस सकाळी खडकी स्टेशनजवळून सुटणार होती, आणि पहिल्याच दिवशी उशीर करणाऱ्याला परत पाठवू, असं कंपनीनं निक्षून सांगितलं होतं. बाबुरावांच्या जिवाला घोर लागला. लेकीच्या एवढ्या मोठ्या दिवशी घरात खोटं घड्याळ? छे! कांताबाई विहारात गेल्याचं बघून ते स्टुलावर चढले आणि रेडिओच्या ठोक्यावर भिंतीवरचं घड्याळ लावलं. दीपालीचं मनगटावरचंही लावलं. बायको ओरडेल म्हणून बोलले मात्र कुणालाच नाहीत.

सकाळी ते दूध घेऊन परतले, तर दीपाली निवांत उपमा खात बसलेली.

"अगं, तू अजून इथेच?"

"दहा मिनिटं आहेत की, बाबा. घड्याळ पुढे नाही का आपलं?"

बाबुरावांच्या हातातली पिशवी खाली आली. "बरोबर केलंय मी ते. काल."

कांताबाई स्वयंपाकघरातून आल्या. "बरोबर केलंत? कुणी सांगितलं होतं?"

उत्तर द्यायला वेळ कुणाला होता! बाबुरावांनी स्कूटरला किका मारल्या आणि दीपाली मागे बसली. पोरीचं नशीब आपण आपल्या हातानं मोडलं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले होते. स्टेशनजवळ पोचले तेव्हा बसची वेळ टळून गेली होती. आणि तिथे गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या दोन मुली जांभया देत उभ्या होत्या.

"बस?" बाबुरावांनी विचारलं.

"आलीच नाहीये अजून, काका. पहिल्या दिवसापासून हेच."

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हर उत्तरेश्वर खाली वाकून ओशाळं हसला. "माफ करा हं काका. चाकात हवा भराय थांबलो हुतो."

वेळ न पाळणाऱ्याला जन्मभर शिव्या घालणाऱ्या बाबुरावांनी भर रस्त्यात त्याला हात जोडले. "माफी कसली? फार चांगलं केलंत!"

"बाबा, पुरे," म्हणत दीपाली हसत बसमध्ये चढली.

घरी येऊन ते मुकाट्यानं स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. मग रेडिओ लावला.

"आता ते कशाला?" कांताबाईंनी विचारलं. "दहा मिनिटं पुढेच करायचंय ना?"

"हो. पण दहा म्हणजे दहाच हवीत," बाबुराव म्हणाले आणि ठोक्याची वाट बघत बसले.